पुढच्यास ठेच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणीं ऐकतों आणि तिच्या खरेपणाविषयीं पुढें कधीं शंका घेत नाहीं. परंतु या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी कीं, मागून येणारा मनुष्य पुढच्याच्या पायाला लागलेला दगड पाहतो. तो जर दगड न पाहतां पडलेल्या माणसाकडेच पाहत राहिला, किंवा वाट आतां आपल्याला मोकळी झाली एवढेंच त्याच्या मनांत आलें, तर तो शहाणा होत नाहीं. त्याच दगडावर ठेचाळण्याची त्याची पाळी थोडी उशिरां येते, इतकेंच. हा विचार मला ज्या प्रसंगानें सुचला तो शेअरबाजारासंबंधींचा आहे. आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें शेअरबाजाराविषयीं लिहावें हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण मनुष्याची नीति त्याचा पैसा जेथें गुंतलेला असतो तेथें जितकी स्पष्ट दिसते तितकी ती माझ्यासारख्याच्या व्याख्यानांत दिसत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. अमेरिकेंत टेक्ससमधील ऑस्टिन शहरीं मुख्य कचेरी असलेली क्राउडस्ट्राइक नांवाची एक कंपनी आहे. बँका, विमान-कंपन्या, इस्पितळें, सरकारी खातीं यांच्या संगणकांचें चोरांपासून व घातपात करणारांपासून रक्षण करणें हा तिचा धंदा. रक्षणाचें हें काम करणारें तिचें सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकाच्या अगदीं गाभ्यांत बसविलेलें असतें, आणि नव्या धोक्यांची माहिती कंपनी त्यास दुरून वारंवार पुरवीत असते. १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटें झालीं असतां अशीच एक माहितीची फाईल धाडण्यांत आली. पुढें ऑगस्टमध्यें कंपनीनें जें स्पष्टीकरण प्रसिद्ध केलें त्यावरून दोषाचें मूळ हसूं यावें इतकें लहान होतें. वाचावयाचे रकाने होते एकवीस आणि पुरविलेले होते वीस. जो रकाना नव्हताच तो वाचावयास जातांना तें सॉफ्टवेअर कोसळलें, आणि तें गाभ्यांतच बसलेलें असल्यामुळें त्याच्याबरोबर सारा संगणकहि कोसळला. ७८ मिनिटांनीं ती फाईल मागें घेतली गेली. पण तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अंदाजाप्रमाणें, जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले होते. त्यांतील बहुतेक दुरून दुरुस्त होईनात. एकेका यंत्रापुढें मनुष्य बसवावा लागला. अमेरिकेंतील डेल्टा कंपनीचीं सुमारें ७,००० उड्डाणें त्या दिवसांत रद्द झालीं. आपल्या विमानतळांवरहि उतारूंच्या हातांत शाईनें लिहिलेले बोर्डिंग पास पडले. पहारेकऱ्यानेंच दाराला आंतून कडी घालून मालकाला बाहेर ठेवावें, तसा हा प्रकार झाला.

त्याच शुक्रवारीं अमेरिकेच्या बाजारांत क्राउडस्ट्राइकचा शेअर सुमारें ३४३ डॉलरांवरून ३०५ डॉलरांवर उतरला, आणि तिची एक प्रतिस्पर्धी कंपनी सेंटिनेलवन हिचा शेअर शेंकडा सुमारें ८ नें चढला. सेंटिनेलवनचें सामर्थ्य गुरुवारपेक्षां शुक्रवारीं अधिक झालें होतें असें म्हणण्यास कांहीं आधार नव्हता. दुसरी पडली होती, एवढेंच तिच्या बाबतींत नवें होतें.

दोन दिवसांनीं, रविवारीं, गुरुपौर्णिमा होती. माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां ऐरोलीस एका सॉफ्टवेअरच्या कचेरींत काम करतो, प्रतिवर्षाप्रमाणें पनवेलला माझ्या घरीं आला. चहा झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “सर, एक विचारायचें आहे. मुलीच्या शिक्षणासाठीं तीन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. ते या अमेरिकन कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांत घालावे असें मनांत आहे. एखादा भाग आपल्या पुण्याच्या क्विक हीलमध्येंहि घालीन. घरीं बोललों, तर आई म्हणाली कीं हें मढ्याच्या टाळूवरचें लोणी आहे. हिशेब मला येतो, तो तुम्हांला विचारीत नाहीं. असा पैसा घेणें बरें कीं वाईट, एवढेंच सांगा.”

मीं त्यास तेव्हां जें सांगितलें आणि नंतर माझें मला जें सुचलें, तें येथें एकत्र मांडीत आहें.

हिशेब आपल्याला येतो, असें तो म्हणाला. म्हणून आरंभ तेथूनच करूं. प्रतिस्पर्ध्याच्या अपयशावरून एखाद्या कंपनीची किंमत ठरवावयाची असेल तर पहिला प्रश्न असा कीं, हें अपयश त्या एकट्या कंपनीचें होतें कीं त्या साऱ्या धंद्याचें? पनवेलहून न्हावा-शेवा बंदर कांहीं फार दूर नाहीं. २०१७ च्या जूनमध्यें तेथील एका कंटेनर धक्क्याचें काम संगणक बंद पडल्यामुळें विस्कळित झालें होतें, आणि आपल्या बाजूच्या रस्त्यांनीं ये-जा करणाऱ्या कंटेनर वाहतुकीच्या मंडळींस तो प्रकार आठवत असेल. हा धक्का डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होता. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घातकी सॉफ्टवेअरनें त्या समूहाचे जगभरचे संगणक निकामी केले, आणि २५ ते ३० कोटी डॉलरांपर्यंत नुकसानीचा अंदाज त्या समूहानें स्वतःच जाहीर केला. आतां हें विष पसरलें कसें? युक्रेन देशांत हिशेब ठेवण्यासाठीं वापरलें जाणारें एक सॉफ्टवेअर होतें. त्याच्या नेहमींच्या अपडेटमध्यें शिरून तें आलें. म्हणजे २०१७ सालीं संकट आणलें शत्रूनें आणि २०२४ सालीं आणलें रक्षकानें. परंतु वाट दोघांचीहि एकच होती. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याकडून आलेली वस्तु न तपासतां, एकाच वेळीं, सर्व यंत्रांत घेणें, ही ती वाट. प्रतिस्पर्धी कंपन्याहि थोड्याफार फरकानें याच वाटेनें आपला माल गिऱ्हाइकांच्या संगणकांत पोंचवितात. तेव्हां क्राउडस्ट्राइकची ठेच हा इतर कंपन्यांच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे. झालाच तर तो साऱ्यांच्या पायांपुढें असलेल्या दगडाचा पुरावा आहे. तिला पाहून इतरांच्या शेअरविषयीं प्रथम शंका वाढावयास पाहिजे होती. बाजारांत मात्र हर्ष वाढला.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांचा. एक दुकान बंद पडलें म्हणजे समोरच्या दुकानांत गर्दी होते, हा न्याय किराण्याच्या धंद्याला लागू पडेल. ज्या कंपनीचें सॉफ्टवेअर हजारों यंत्रांच्या गाभ्यांत बसलेलें आहे, जिच्याशीं वर्षां-दोन वर्षांचे करार झालेले आहेत, तिला एका सकाळच्या अपघातावरून काढून टाकणें हें घराचा पाया बदलण्याइतकें अवघड असतें. नंतर क्राउडस्ट्राइकनें जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांत, त्या अपघातानंतरहि शेंकडा सुमारें ९७ इतका धंदा टिकल्याचें दिसून आलें. तिसरा प्रश्न भावाचा. जी बातमी विमानतळावरच्या उतारूस कळली ती शेअरबाजारांतील धनिकांस कळली नसेल असें समजणें भोळेपणाचें आहे. रविवारीं पनवेलांत बसून आपण जो शहाणपणा करूं पाहतों त्याची किंमत शुक्रवारींच वसूल झालेली असते.

पुढें काय झालें तें आतां सर्वांस माहीत आहे. क्राउडस्ट्राइकचा शेअर ऑगस्टच्या आरंभीं सव्वादोनशे डॉलरांच्याहि खालीं गेला. पण वर्षभरानें, २०२५ च्या जुलैंत, तो अपघातापूर्वीच्या भावाच्या पुष्कळ वर होता, आणि सेंटिनेलवनचा शेअर त्या शुक्रवारीं चढून जेथें पोंचला होता त्याच्याहि खालीं होता. यावरून ‘सत्याचा जय झाला’ असला कांहीं सिद्धांत मी काढीत नाहीं. भाव उलट दिशेनेंहि गेले असते, आणि तरी माझें म्हणणें तेंच राहिलें असतें. बाजार चूक करणारास शिक्षा देतोच असें नाहीं, तसेंच चूक न करणारास बक्षीसहि देतो असें नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं, दुसऱ्याच्या पडण्यानें आपली उंची वाढत नाहीं. फक्त शेजारीं कोणी उभा नसल्यामुळें ती क्षणभर अधिक दिसते.

मग एखाद्या कंपनीची किंमत करावी कशी? विद्यार्थ्यानें नांव घेतलेल्या पुण्याच्या कंपनीचेंच उदाहरण घेऊं. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे. शाळा दहावीनंतर सुटली, आणि पुण्यास त्यांनीं कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्त करण्याचें काम धरलें. धाकटे बंधु संजय यांनीं संगणकशास्त्र शिकून, दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्याचें सॉफ्टवेअर लिहिलें; आणि १९९५ च्या सुमारास त्यांतून एक लहानसा धंदा उभा राहिला. २००७ सालीं कंपनीस क्विक हील हें नांव मिळालें. २०१६ च्या फेब्रुवारींत तिचे शेअर ३२१ रुपयांस लोकांस विकण्यांत आले, आणि बाजारांत पहिल्याच दिवशीं त्यांचा भाव त्याच्या खालीं राहिला. कालचीच माणसें, कालचेंच काम, आणि भाव मात्र दुसरा! या कंपनीचे शेअर घ्यावेत कीं न घ्यावेत हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु घेणारानें पाहावयाचें तें हें कीं, आपल्याकडील घरोघरच्या संगणकांवर वाढलेल्या या कंपनीस मोठ्या पेढ्या व कारखाने यांचें काम कितपत साधतें; तिचा नफा कोठून येतो; आणि तिचा स्वतःचा माल गिऱ्हाइकांकडे जाण्यापूर्वीं कसा तपासला जातो. या प्रश्नांचीं उत्तरें तिच्या वार्षिक अहवालांत व तिच्या गिऱ्हाइकांच्या अनुभवांत मिळतील, ऑस्टिन शहरांतील अपघातांत मिळणार नाहींत.

येथपर्यंत हिशेब झाला. आतां आईच्या शब्दाकडे वळूं; कारण माझ्या विद्यार्थ्याला खरा बोचत होता तो तोच.

मढ्याच्या टाळूवरचें लोणी खाणारा मनुष्य मेलेल्याच्या वांट्याचें कांहीं तरी हिसकावून घेतो. येथें तसें कांहीं नाहीं. विमानतळावर अडकलेल्या एकाहि उतारूचा पैसा शेअर घेणाराच्या खिशांत जात नाहीं, आणि त्यानें शेअर घेतला नाहीं म्हणून कोणाचें विमान लवकर सुटत नाहीं. दुसऱ्याच्या अडचणींतून लाभ होणें हेंच पाप मानलें तर वैद्य रोगावर जगतो, वकील भांडणावर जगतो आणि आमचा छत्रीवाला पनवेलच्या पावसावर जगतो. त्यांस आपण दोष देत नाहीं, याचें कारण ते अडचण दूर करून पैसा घेतात. “मग मीहि तसाच,” असें विद्यार्थी म्हणाला. पण तें मला पटलें नाहीं. त्या शुक्रवारीं रात्रभर जागून ज्यांनीं दुसऱ्यांचे बंद पडलेले संगणक सुरू केले ते छत्रीवाले खरे. बाजारांत शेअर घेणारा जो पैसा देतो तो कंपनीस मिळत नाहीं, शेअर विकणारास मिळतो. त्यानें कोणास छत्री दिली नाहीं आणि कोणाची हिसकावलीहि नाहीं. म्हणून त्याचें कृत्य, केवळ कृत्य म्हणून, मला ना पुण्य वाटतें ना पाप. आईचा शब्द कठोर होता, असें मीं म्हटलें तेव्हां त्याचा चेहरा उजळला.

“पण,” मीं म्हटलें, “एक गोष्ट पाहा. उद्यां सोमवार. शेअर घेतलेस असें समज. परवां सकाळीं वर्तमानपत्र उघडतांना तुझें मन कशाची वाट पाहील? सारें सुरळीत झालें, इस्पितळें चालूं झालीं, हें वाचून तुला बरें वाटेल, कीं थोडें चुकल्यासारखें वाटेल?”

तो गप्प बसला. पुष्कळ वेळानें म्हणाला, “चुकल्यासारखें वाटेल, सर.”

माझ्या मतें सारा प्रश्न या एका ठिकाणीं आहे. लाभ होणें निराळें आणि दुसऱ्याचें नुकसान वाढावें अशी इच्छा मनांत घर करूं लागणें निराळें. पहिली गोष्ट बाहेर घडते, दुसरी आपल्यांत घडते. शेअरबाजाराचें वैशिष्ट्य असें कीं तो ही इच्छा अगदीं निरुपद्रवी स्वरूपांत विकत देतो. आपल्या हातून कोणाचें वाईट होत नाहीं. फक्त कोणाचें वाईट झालें तर आपल्याला बरें वाटेल अशी व्यवस्था आपण पैसे देऊन करून ठेवतों.

ल्युक्रीशिअस या रोमन कवीनें आपल्या तत्त्वज्ञानपर काव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभीं असें वर्णन केलें आहे कीं, खवळलेल्या समुद्रांत सांपडलेल्यांची धडपड किनाऱ्यावरून पाहण्यांत एक सुख असतें. तें दुसऱ्याच्या दुःखाचें सुख नव्हे, आपण त्या संकटांत नाहीं या जाणिवेचें सुख. आमच्या वर्गांत हा भाग आला म्हणजे विद्यार्थी कवीवर रागावत, आणि मी कवीचा पक्ष घेत असें. आतां मला वाटतें कीं कवीची चूक नीतीची नसून भूगोलाची आहे. आपण किनाऱ्यावर आहों, असें त्यानें धरलें. प्रत्यक्षांत आपण बहुधा त्याच समुद्रांत, जरा मागून येणाऱ्या दुसऱ्या गलबतांत असतों.

हें मी पुस्तकावरून बोलत नाहीं. आमच्या पनवेलचीच गोष्ट आहे. येथें मुख्य कचेरी असलेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २०२१ च्या ऑगस्टमध्यें रद्द केला. ठेव-विम्याची मर्यादा पांच लाख रुपयांची असल्यामुळें शेंकडा सुमारें ९५ ठेवीदारांस त्यांची सर्व रक्कम विम्यांतून मिळेल, असें त्या वेळीं रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें. तरी गांवांत जी अस्वस्थता पसरली ती आठवणारे पुष्कळ आहेत. माझी ठेव दुसऱ्या बँकेंत होती. ती बातमी ऐकून माझ्या मनांत पहिल्यानें जें उमटलें तें दुःख नव्हतें, हें कबूल करावयास मला आजहि संकोच होतो. ‘बरें झालें, आपली बँक चांगली आहे,’ हें पहिलें वाक्य. वाईट वाटलें तें त्याच्या मागून. आणि आपली बँक चांगली, हें मला कशावरून ठाऊक होतें? तिचा अहवाल दरसाल घरीं येई आणि न उघडतां रद्दींत जाई. दुसरी बुडाली, यावरूनच केवळ माझी मला चांगली वाटूं लागली होती.

या दोन प्रसंगांवरून मला असें दिसतें कीं, हिशेबांतली चूक आणि मनांतली चूक या दोन नव्हेत, एकच आहे. दुसऱ्याचें पडणें हें सर्वस्वीं त्याचें त्यालाच लखलाभ, आपला त्याच्याशीं संबंध नाहीं, अशी आपली इच्छा असते. आणि ज्याची तशी इच्छा आहे त्याला दगड दिसत नाहीं, कारण दगड दिसला तर संबंध आहे असें ठरतें. योगसूत्रांत सुखी, दुःखी, पुण्यवान् व पापी या चौघांविषयीं अनुक्रमें मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार वृत्ति सांगितल्या आहेत, आणि त्या कशासाठीं, तर चित्त निवळावें म्हणून. मी हें सूत्र पुष्कळ वर्षें शिकवीत आलों; पण करुणेचा उपयोग नीट पाहतां येण्यासाठींहि आहे, हें मला उशिरां कळलें. पडलेल्याविषयीं ज्याच्या मनांत करुणा आहे तो वांकून त्याला हात देतो, आणि वांकला म्हणजे दगड आपोआप दिसतो.

केवळ ठेच लागल्यानें शहाणपण येतें असेंहि नाहीं. २०१० च्या एप्रिलमध्यें मॅकॅफी या अशाच दुसऱ्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळें पुष्कळ संगणक बंद पडले होते. त्या कंपनीचे त्या वेळचे मुख्य तंत्र-अधिकारी जॉर्ज कुर्ट्झ हेच पुढें क्राउडस्ट्राइकचे संस्थापक व प्रमुख झाले. दोष त्या एका व्यक्तीचा होता असें मला सुचवावयाचें नाहीं. हजारों माणसांच्या कामाचा भार एका नांवावर टाकणें हा अन्याय होईल. पण पुढचाहि आपणच आणि मागचाहि आपणच असें असतांना जर शहाणपण आपोआप येत नाहीं, तर दुसऱ्याच्या ठेचेवरून तें घरबसल्या येईल ही आशा व्यर्थ होय.

त्या दिवशीं माझी बँकेची हकीकत ऐकून विद्यार्थी उठतां उठतां म्हणाला, “मग सर, यंदाचा अहवाल वाचलात का?” मीं ‘नाहीं’ म्हटलें. गुरुपौर्णिमेची दक्षिणा शिष्यानें गुरूस अशी द्यावी, याचें मला हसूंहि आलें आणि लाजहि वाटली. त्या वर्षाचा अहवाल मीं दोन संध्याकाळीं बसून वाचला. भिण्यासारखें कांहीं आढळलें नाहीं. थकबाकीसंबंधीं दोन आंकडे मात्र समजले नाहींत. ते विचारावयास मी बँकेंत गेलों, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं मला खुर्ची दिली आणि असा प्रश्न घेऊन ठेवीदार सहसा येत नाहीं असें सांगितलें. एकाचें उत्तर त्यांनीं तेथेंच दिलें, दुसऱ्याचें आठवड्यानें दिलें.

दिवाळींत विद्यार्थी पुन्हां आला. शेअर घेतले कीं नाहीं हें त्यानें सांगितलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं. आपल्या कचेरींत आतां कोणतेंहि अपडेट आलें कीं तें आधीं दहा संगणकांवर घालून एक दिवस वाट पाहतात, मग सर्वांवर घालतात, असें मात्र त्यानें आवर्जून सांगितलें. हा नियम करावा म्हणून त्याला वरिष्ठांशीं तीन आठवडे वाद घालावा लागला होता.